३१ मार्च नव्हे, १३ एप्रिल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ऑटोमन आणि रशियन साम्राज्यांवरचा पानभर लेख वाचला. भाषा छान आहे. तंझिमात (ऑटोमन सुधारणा), झेम्स्त्वो (रशियातली स्थानिक मंडळे), सगळे शब्द हजर. तारखांचे काय करायचे ते मात्र लेखकाला ठाऊक नसावे, आणि छापण्याआधी बघायची तसदी आपल्याकडेही कुणी घेतलेली दिसत नाही.

इस्तंबूलमधल्या घटनात्मक सरकारविरुद्धच्या १९०९ च्या बंडाला तुर्कस्तानात '३१ मार्चची घटना' म्हणतात, एवढ्यावरून लेखकाने ते ३१ मार्चला घडवून आणले. ती तारीख रूमी, म्हणजे ऑटोमन सरकारी पंचांगातली, आपल्या कॅलेंडरप्रमाणे १३ एप्रिल. बरे, चुकली तर चुकली. पण पुढे म्हणे, बंड मोडायला निघालेली सलोनिकाची फौज राजधानीत यायला २४ एप्रिल उजाडला, म्हणजे तब्बल २४ दिवस, यावरून व्यवस्था किती किडली होती ते दिसते! अहो, ११ दिवसांत महमूद शेवकेत पाशांची फौज शहरात होती आणि २७ तारखेला सुलतान अब्दुल हमीद पायउतारही झाला. याला ढिसाळपणा म्हणायचे तर मग चपळाई कशाला म्हणायची? साम्राज्य धडधाकट होते असे माझे म्हणणे नाही. १८७५ मध्ये सरकारने कर्जावरच्या व्याजापुढे हात टेकले आणि १८८१ पासून मीठ-तंबाखूसारखे महसूल परक्या सावकारांचे मंडळच गोळा करू लागले. कीड तिथे होती. लेखात त्याला अर्धी ओळ.

लेखासोबतच्या रशियाच्या चौकटीत झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या १४ मार्च १८८१ ला झाली आहे. रशियात तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर होते, तिथली तारीख १ मार्च. आपल्या कॅलेंडरशी त्याचा फरक एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांचा होता, १३ चा विसाव्या शतकात. म्हणजे १३ मार्च. शिवाय भूदासमुक्तीचा (जमीनदारांच्या ताब्यातल्या शेतकऱ्यांच्या सुटकेचा) जाहीरनामा लेखात १९ फेब्रुवारी १८६१ ला निघतो आणि चौकटीत ३ मार्चला. दोन्ही बरोबर, पण वाचकाने ते ओळखायचे कसे?

या १९ फेब्रुवारीशी माझे जुने वैर आहे. बी.ए.ला असताना कॉलेजच्या चाचणीत मी हीच तारीख लिहिली होती, पुढे 'जुने पंचांग' असेही लिहिले होते. सरांनी लाल रेघ ओढून दोन गुण कापले. विचारायला गेलो तर म्हणाले, "पुस्तकात ३ मार्च आहे. तू पुस्तकापेक्षा शहाणा?" वर्ग हसला. आता वय ६८, पण तो हशा अजून कानात आहे. जाहीरनामा सही झाल्यावर दोन आठवडे दडवून ठेवला होता आणि चर्चमधून वाचला गेला तो ५ मार्चला, आपल्या हिशेबाने १७ मार्चला, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा ठाऊक असते तर सरांना तिसरी तारीखही सुनावली असती! (आणि लेखातले भूदास 'एका सहीने मुक्त' कसले? त्यांच्यावर जमिनीचे हप्ते ४९ वर्षांचे होते, ते १९०७ पासून एकदाचे माफ झाले.)

तिथी की तारीख यावर वर्षानुवर्षे भांडणाऱ्या महाराष्ट्राला हे समजावून सांगावे लागू नये. शिवजयंतीची १९ फेब्रुवारीसुद्धा जुन्या ज्युलियन कॅलेंडरचीच आहे, नव्या हिशेबाने ती १ मार्च १६३० होते.

जाता जाता. ती चौकट गडद तपकिरी रंगावर काळ्या अक्षरांत छापली होती, मी ती भिंग घेऊन वाचली. आणि जानेवारीतल्या माझ्या पत्रातला मुद्द्याचा परिच्छेद कापून आपण आभाराचे वाक्य तेवढे ठेवले होते. या वेळी कापायचेच असेल तर आभार कापावेत, तारखा ठेवाव्यात.

कळावे,
एक निवृत्त शिक्षक, मिरज