ब्रॉनबेकच्या आजोबांना

आजोबा, मराठी तुम्हाला येत नाही हे माहितीये, तरी मराठीतच लिहितोय, कारण इंग्रजीत आभार मानायला बसलो की ते ऑफिसच्या मेलसारखं व्हायला लागतं. नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

आधी बाबांबद्दल. त्यांचे वडील वेंगुर्ल्याजवळच्या खेड्यातून मराठा पलटणीत गेले आणि ऑक्टोबर १९४५ ला, जपान शरण आल्यावर, थेट जावा बेटावर सुरबायाला उतरले. घरी कधीतरी तेवढा एक शब्द निघायचा, सुरबाया. लहानपणी बाबांना वाटायचं, या कुठल्यातरी बाया असणार आणि म्हणूनच आजी गप्प बसते!

त्यांनी माहिती काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. भारतातल्या एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले, तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "जावा? म्हणजे जपान का?" नंतर माझ्याकडे नेदरलँड्सला आले तेव्हा दुसऱ्याच एका म्युझियमला घेऊन गेलो, काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, हिंदी सैनिक म्हणजे ब्रिटिशांचा इतिहास, लंडनला विचारा. मुलाला शाळेच्या दाखल्यासाठी या खिडकीवरून त्या खिडकीला फिरवतात ना, तसं. परतीच्या ट्रेनमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत बसले, जेवलेही नाहीत.

म्हणून आर्नहेमला ब्रॉनबेकला जायचं म्हटलं तर ते तयारच नव्हते. राजा विल्यम तिसऱ्याने १८५९ ला दिलेली ती जागा, १८६३ पासून डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आताच्या इंडोनेशियाच्या, फौजेतल्या म्हाताऱ्या शिपायांचं घर आणि तिथेच म्युझियम. सुमात्रा बेटावरच्या आचेमधल्या लढायांतून उचलून आणलेल्या तोफा बघून बाबा पुटपुटले, हे सगळं लुटीचं. खोटं नाही म्हणा.

आत नकाशावर सुरबाया सापडलं आणि बाबा तिथेच उभे राहिले, हलेचनात. तुम्ही काठी टेकत मागून आलात. आम्हाला वाटलं बाजूला व्हा म्हणाल. तुम्ही विचारलंत, कोण होतं तिथे? "माय फादर," बाबा म्हणाले. आणि तुम्ही विचारलंत, नाव काय त्यांचं?

आजोबा, हे आम्हाला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. पलटण विचारली, नंबर विचारला, कागद आहे का विचारलं. नाव नाही. बाबा म्हणाले, गणपत. तुम्ही म्हणालात, खणपत. डच माणसाच्या घशातून ग असा खरवडूनच निघतो, त्याला तुम्ही काय करणार. कुणीही तिथेच सोडून दिलं असतं, आपणही परक्या नावांचं तेच करतो. तुम्ही नाही सोडलंत. परत खणपत, मग कणपत, आणि आमचे बाबा भर म्युझियममध्ये मालवणीतच ओरडले, "खणपत नाय वो, गणपत!" पाचव्यांदा की सहाव्यांदा नीट आला ग. तुम्ही दोघं असे हसलात की गार्ड बघायला आला.

मग कुंपुलान या तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये बसून सातेच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाच्या, प्लेटवर तुम्ही सांगितलंत, तुमचा जन्मच जावातला, आईबरोबर जपान्यांच्या कॅम्पात होता, आणि युद्ध संपल्यावर तिथे पहाऱ्याला हिंदी शिपाई आले होते. चेहरे आठवत नाहीत, बूट आठवतात म्हणालात. बाबांनीही मनातलं काढलं, की समोर लढणारी इंडोनेशियन पोरं स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी लढत होती, १७ ऑगस्टला त्यांनी ते जाहीरही केलं होतं, आणि आपली फौज त्यांच्यावर वापरू नका असं इकडे नेहरूही म्हणत होते, पण शिपायाला कोण विचारतो. सुरबायातल्या लढाईची आठवण म्हणून १० नोव्हेंबर हा इंडोनेशियात वीरांचा दिवस आहे, त्यात आमचे आजोबा कुठल्या बाजूला धरायचे? तुम्ही त्यावर शहाणपण शिकवायला गेला नाहीत, बाबांच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवलात फक्त. बरं वाटलं.

वेंगुर्ल्यात तुमच्या लोकांची १६३७ पासूनची वखार आहे, आता नुसत्या भिंती उरल्यात, हे सांगितल्यावर "तिथेही आम्ही?" म्हणून कपाळावर हात मारलात तो चेहरा बाबा आता गावात सगळ्यांना करून दाखवतात.

चांगुलपणाला पैसे लागत नाहीत, पद लागत नाही, तरी तो खिडकीमागे बसलेल्यांकडेच इतका कमी का असतो, मला कळत नाही. जाऊ दे.

बाबांनी काजू पाठवलेत, वेंगुर्ल्याचे, सालीसकट भाजलेले. पुढच्या रविवारी घेऊन येतो. पाकिटावर त्यांनी स्वतः स्केचपेनने गणपत लिहिलंय, ग जरा मोठाच काढलाय.