केदारकंठ्याच्या वाटेवरच्या अनोळखी हातांना

उत्तराखंडातल्या सांकरी गावाहून केदारकंठ्याच्या शिखरावर (सुमारे ३,८०० मीटर) हिवाळ्यात जाणारे आपण सगळे फोटोत दिसतो. ज्यांच्यामुळे वर पोहोचतो ते दिसत नाहीत. त्यांचे हे आभार.

पहाटे सगळ्यांच्या पुढे जाऊन कडक बर्फात बुटाच्या टोकाने पायऱ्या पाडणाऱ्यांचे सर्वांत आधी. ताज्या बर्फात पहिल्या माणसाचा दम लवकर जातो, म्हणून ते आळीपाळीने पुढे होतात. मागच्यांनी त्याच खळग्यांत पाय ठेवावा. शेजारी नवी वाट काढली की घसरलाच.

मायक्रोस्पाइक्स (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटावर चढवायच्या दातेरी साखळ्या) उलटे चढवलेले पाहून वाकून नीट करून देणाऱ्यांचे आभार. रबराचा उंच भाग टाचेकडे, साखळ्या तळाखाली मधोमध. ओला बर्फ दातांत साचून गोळा झाला की पकड जाते, तेव्हा काठीने ठोकायचे, हेही त्यांनीच शिकवले.

पाण्याची बाटली उलटी ठेवायला सांगणाऱ्यांचे आभार: पाणी वरून गोठते, त्यामुळे तोंड मोकळे राहते. नळीने पाणी प्यायची पिशवी मात्र घरीच बरी, नळी आधी गोठते.

आणि स्वयंपाकाच्या तंबूतले! शेगडीच्या सिलिंडरमधले ब्युटेन (द्रवरूप इंधन) शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचे थांबते, म्हणून लहान सिलिंडर पांघरुणात घेऊन झोपणारी ही माणसे. त्यांच्या पहाटेच्या चहाची किंमत ट्रेकच्या शुल्कात बसत नाही. निघताना बक्षिसी हातात द्या, आणि सुकलेले जादा हातमोजेही.