कात्री लावलेला जॅझ खोटा कसा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिकागोचे ड्रमवादक आणि निर्माते मकाया मॅक्रेव्हन यांच्या ‘युनिव्हर्सल बीइंग्ज’ (२०१८) या अल्बमवर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडला. हिप-हॉप आणि जॅझ एकमेकांत मिसळतात त्या संगीतावर मराठी वृत्तपत्रात इतके सविस्तर क्वचितच छापून येते. मात्र हे वादन मागाहून संगणकावर कापून जोडले आहे, म्हणून त्याला जॅझ म्हणणे कठीण, हा लेखाचा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. आमच्यापैकी एक जण ड्रम वाजवतो, दुसरा ध्वनिमुद्रण करतो. हे जोडकाम कसे होते ते पाहिले तर कुठे वादन संपले आणि कुठे संकलन सुरू झाले हे वेगळे काढता येत नाही. म्हणून पत्र थोडे लांबवतो आहोत.

मॅक्रेव्हन यांची पद्धत घडली ती ‘इन द मोमेंट’ (२०१५) या अल्बमात. शिकागोतल्या ‘द बेडफर्ड’ या जागी, एका जुन्या बँकेच्या तळघरात, त्यांचे नियमित कार्यक्रम होत आणि वादन आयत्या वेळी सुचेल तसे चाले. वर्षभरातल्या २८ कार्यक्रमांचे सुमारे ४८ तासांचे मुद्रण जमले, त्यातून १९ तुकडे निघाले. गिटारवर जेफ पार्कर, ट्रम्पेटवर मार्कीस हिल, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) जस्टिन थॉमस, बेसवर कधी जुनियस पॉल, कधी जोशुआ एब्रम्स, कधी मॅट युलेरी. मॅक्रेव्हन यांनी हे सगळे घरी ऐकले, जिथे सगळ्यांचे सूत जुळले होते त्या जागा उचलल्या, त्यांची आवर्तने केली, काही ठिकाणी वरून नवे वाजवले. ‘युनिव्हर्सल बीइंग्ज’मध्ये हेच चार शहरांत केले आहे. दोन रेकॉर्डच्या चार बाजू, आणि प्रत्येक बाजूवर एक शहर: न्यूयॉर्क, शिकागो, लंडन, लॉस एंजेलिस. चारही बाजूंना ड्रम एकाच माणसाचे आहेत, तरी खोली आणि सोबती बदलले की ठेक्याचे वजन बदलते. न्यूयॉर्कच्या बाजूला ब्रँडी यंगर यांची हार्प आहे म्हणून ड्रम किती आवरते घेतले आहेत, तेवढेच कान देऊन ऐकावे.

कात्री जॅझला नवी नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘इन अ सायलेंट वे’ १९६९ साली निघाला. त्याच्या दुसऱ्या बाजूवर सुरुवातीची धून शेवटी पुन्हा येते. ती दुसऱ्यांदा वाजवलेलीच नाही. निर्माते टिओ मॅसेरो यांनी त्याच टेपची प्रत शेवटी चिकटवली. ब्लेडने टेप कापून केलेल्या या कामाला गेली पन्नासहून अधिक वर्षे जॅझच म्हटले जाते. फरक एवढाच, की मॅसेरो वाजवत नव्हते. मॅक्रेव्हन स्वतः वाजवतात, स्वतःच कापतात, आणि कापून तयार झालेला तुकडा पुढे मंचावर हाताने वाजवतात.

आता कामाविषयी. आपल्याकडेही अनेक तरुण लॅपटॉपवर हा प्रयोग करतात आणि तो बहुतेक वेळा त्याच तीन-चार जागी फसतो. त्यांच्यासाठी हा भाग.

पहिली अडचण माइकमधल्या गळतीची. लहान खोलीत ड्रमच्या वरच्या दोन माइकांत सॅक्सोफोन शिरतोच. नंतर सॅक्सोफोनची ओळ नको म्हणून त्याचा ट्रॅक बंद केला, तरी ड्रमच्या ट्रॅकमध्ये तो दुरून, पोकळ आवाजात वाजत राहतो. म्हणून कापायचे तर सगळे ट्रॅक एकत्र बांधून, एकाच रेषेवर कापावेत. एखादे वाद्य गाळायची शक्यता ठेवायची असेल तर ते मुद्रणाच्या वेळीच ठरवावे: बेस थेट डीआय बॉक्समधून (माइकशिवाय वाद्य सरळ मुद्रणयंत्राला जोडणाऱ्या पेटीतून) घ्यावा, फुंकवाद्याची पाठ ड्रमकडे ठेवावी आणि दोन माइकांतले अंतर माइक ते वाद्य या अंतराच्या किमान तिप्पट राखावे. ड्रमला चार माइक पुरतात: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा असलेला, काठीने वाजणारा ड्रम) आणि वरचे दोन. वरचे दोन्ही माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत, अगदी दोरीने मोजून. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. अंतरात हाताएवढा फरक पडला की स्नेअरचा पोटातला आवाज जातो आणि तो पातळ वाजतो. मग कितीही इक्वलायझर फिरवा, तो परत येत नाही. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) असा ठेवावा की सर्वात मोठा घावही उणे १० डेसिबलच्या खाली राहील. सुचेल तसे वाजवताना जोर कधी वाढेल हे कुणालाच माहीत नसते, आणि नेमका तोच बार (इथे चार मात्रांचा गट) हवा असतो.

दुसरी जागा लयीची. मेट्रोनोमशिवाय वाजवले की लय सरकते, आणि सरकावीच. पण तिसऱ्या मिनिटाला ९२ (दर मिनिटाला ९२ मात्रा) असलेली लय नवव्या मिनिटाला ९५ झाली असेल, तर या दोन जागांचे तुकडे एकमेकांवर बसत नाहीत. ९२च्या लयीत चार बार १०.४३ सेकंदांचे होतात, ९५च्या लयीत १०.११ सेकंदांचे. चार बारच्या शेवटी अर्ध्या मात्रेचे अंतर पडते. यावर नवखे लोक वार्पने, म्हणजे सूर न बदलता आवाज लांबवून-आखडून, ताणतात. एबलटन लाइव्ह या संगणक-प्रणालीत हे दोन क्लिकचे काम आहे, पण चार-पाच टक्क्यांपुढे ताणले की झांजा फिस्कारायला लागतात आणि घावाची धार बोथट होते. त्यापेक्षा मुख्य तुकड्याची लय तशीच ठेवावी आणि सगळ्या कामाची लय तिला जुळवावी. ताणायचेच असेल तर री-पिच पद्धत बरी. टेप हळू फिरवल्यासारखा आवाज लयीबरोबर खाली येतो आणि घाव शाबूत राहतो. मात्र सुमारे सहा टक्के लय कमी केली की सूर एक अर्धस्वर उतरतो. वरून वाजवणाऱ्या वादकाला हे आधी सांगावे लागते, नाहीतर तो डी धरून बसतो आणि खाली सी शार्प चालू असतो.

तिसरी जागा सर्वात नाजूक आहे: प्रत्यक्ष काप. किकच्या घावावरच काप घेतला तर ‘टक’ असा आवाज येतो. घावाच्या दोन ते पाच मिलिसेकंद आधी, लहर शून्यावर असते तिथे कापावे आणि पाच ते दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा वर आणणे) द्यावा. तरीही लूप (पुन्हा पुन्हा फिरवलेला तुकडा) फिरून आला की काहीतरी तुटल्यासारखे वाटते, कारण झांजेचा झंकार मागच्या बारमधून पुढच्या बारमध्ये सांडत असतो. पहिल्या आवर्तनाच्या सुरुवातीला त्याआधीच्या झांजेचा झंकार असतो किंवा नसतो, आणि शेवटचा झंकार मध्येच चिरला जातो. उपाय असा, की वादक तोच ठेका ओळीने अनेकदा वाजवत असेल तर पहिले आवर्तन सोडून दुसरे किंवा तिसरे उचलावे. त्याच्या सुरुवातीला मागच्या आवर्तनाची शेपटी आपोआप बसलेली असते. ड्रमवादकानेही मदत करावी: स्नेअरवर रुमाल, किकमध्ये उशी, क्रॅश (मोठी झांज) कमी, हायहॅटवर (पायाने मिटणाऱ्या जोडझांजेवर) भर.

खोलीतल्या श्रोत्यांचा आवाज हा या संगीताचा जीव आहे, आणि लूपचा शत्रूही. तिसऱ्या बारमध्ये कुणी हसले असेल तर ते दर दहा सेकंदांनी हसते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष तिथेच अडकते. वर कॉम्प्रेसर (मोठे आणि लहान आवाज यांतला फरक कमी करणारे साधन) जास्त लावला तर ते हसू ड्रमइतके मोठे होते. अशा वेळी जवळजवळ सारखी दोन आवर्तने घेऊन ती आलटून पालटून लावावीत. दोन वेगळ्या टेकचे (वेगवेगळ्या वेळी केलेल्या मुद्रणांचे) ड्रम एकावर एक चढवताना वरच्या थराचा १५० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकावा, नाहीतर दोन किक आठ-दहा मिलिसेकंदांच्या फरकाने आदळून आवाज पोकळ होतो.

या तुकड्यांवर बाकीचे वादक विस्तार करतात, तेव्हा लूपचे काम एकल तबलावादनातल्या लेहऱ्याचे असते. तो कितीही वेळा फिरला तरी सम चुकता कामा नये आणि कंटाळाही येता कामा नये. कंटाळा न येण्याचे कारण घावांच्या अगदी बारीक सरकण्यात आहे. डेट्रॉइटचे हिप-हॉप निर्माते जे डिला (१९७४–२००६) यांनी अकाई एमपीसी ३००० या, ध्वनीचे तुकडे बोटांनी वाजवायच्या यंत्रावर हेच साधले. ते यंत्र एका मात्रेचे ९६ भाग करते; ९०च्या लयीत एक भाग सुमारे सात मिलिसेकंदांचा होतो. घाव आपोआप सरळ करणारी सोय डिला अनेकदा बंद ठेवून बोटांनी वाजवत, तर काही घाव यंत्रावरच मुद्दाम किंचित अलीकडे-पलीकडे सरकवत. आज जॅझचे ड्रमवादक हीच डगमग हाताने वाजवतात. म्हणून कापताना सगळे घाव ग्रिडवर (संगणकावरच्या समान अंतराच्या रेषांवर) ओढून बसवू नयेत. तसे केले की ज्या चार बारांसाठी तासन्‌तास मुद्रण ऐकले, त्यांतले मोलाचे तेवढेच निघून जाते.

आणखी एक गोष्ट पैशाची व हक्काची आहे, आणि ती वाजवण्याआधी बोलायची असते. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) २०१२ सालच्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८अ आणि ३८ब प्रमाणे वादनाच्या मुद्रणावर वादकाचा हक्क आहे, आणि सादरकर्ता म्हणून आपले नाव दिले जावे हाही. संकलनासाठी भाग गाळणे एवढ्यावरून त्याची प्रतिष्ठा दुखावली असे कायदा मानत नाही. पण वादन विकृत केले तर त्याला हरकत घेता येते. तेव्हा मुद्रण कापले जाणार, त्याचे लूप होणार, त्यावर दुसरे कुणी वाजवणार, आणि रचनेत कुणाचा किती वाटा, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. चार बारांची बेसची ओळ अख्ख्या तुकड्याचा कणा ठरते, तेव्हा तो बेसवादक केवळ साथीदार उरत नाही.

नावे न छापल्याने काय होते ते मुंबईला चांगले माहीत आहे. हिंदी चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावे सहसा नसत, मग ते गोव्याहून आलेले ट्रम्पेटवादक असोत की इथले ढोलकीवाले. कॅलिफोर्नियाचे निर्माते मॅडलिब यांनी २००७ साली अशाच रेकॉर्डांमधले तुकडे कापून ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा अल्बम केला. त्यात मूळ ठेका कुणाच्या हातचा, हे ऐकणाऱ्याला शोधूनही सापडत नाही.

म्हणून एक विनंती. अशा अल्बमवर लिहिताना मुद्रण कुठे झाले, कुणी वाजवले आणि कापले कुणी, हे चौकटीत छापावे. त्या लेखात एकट्या मॅक्रेव्हन यांचेच नाव होते. राहिलेल्यांपैकी प्रमुख वादक असे: न्यूयॉर्कला ब्रँडी यंगर (हार्प), जोएल रॉस (व्हायब्राफोन), डेझ्रॉन डग्लस (बेस) आणि टोमेका रीड (चेलो), शिकागोत शबाका हचिंग्ज (सॅक्सोफोन), जुनियस पॉल (बेस) आणि पुन्हा टोमेका रीड, लंडनला नुबाया गार्सिया (सॅक्सोफोन), ॲशली हेन्री (कीबोर्ड) आणि डॅनियल कॅसिमिर (बेस), लॉस एंजेलिसला जेफ पार्कर (गिटार), ॲना बटर्स (बेस), जॉश जॉन्सन (सॅक्सोफोन), मिगेल ॲटवुड-फर्ग्युसन (व्हायोलिन) आणि कार्लोस निन्यो (तालवाद्ये). पुढच्या रविवारी जागा झाल्यास ही यादी छापावी.

– एक ड्रमवादक व एक ध्वनिमुद्रक, पुणे