स्क्रिप्टमधली सीडी बाहेर का टिकत नाही, हे शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही समजावलंत ते टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी लागतंच, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं आम्ही वर्षवार फोल्डरांत लावतो. दर वेळी इतक्या आत उतरायला नको, म्हणून मी एक छोटी शेल स्क्रिप्ट (शेल, म्हणजे आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, ओळीने वाचतो ती कमांडांची फाइल) लिहिली होती: वर्ष सांगायचं, तिने सीडी, म्हणजे डिरेक्टरी (फोल्डर) बदलायची कमांड, करून त्या फोल्डरात न्यायचं. स्क्रिप्ट बिनतक्रार चालायची. आतून पीडब्ल्यूडी, म्हणजे चालू डिरेक्टरी सांगणारी कमांड, छापलं तर जागाही बरोबर दिसायची. संपली की मात्र मी होते तिथेच. असं का, एवढंच मी विचारलं होतं.

‘सोर्स वापर’ (म्हणजे स्क्रिप्ट वेगळी न चालवता चालू शेलमध्येच चालव) एवढं सांगून तुम्ही मोकळ्या झाला असतात, तरी माझं काम भागलं असतं. तुम्ही मात्र शेजारी बसलात. आधी टर्मिनलवर ‘इको डॉलर डॉलर’, म्हणजे शेलच्या प्रोसेसचा क्रमांक छापायला लावलंत, मग तीच ओळ स्क्रिप्टमध्ये घालून चालवायला सांगितलीत. दोन वेगळे आकडे आले. तीच स्क्रिप्ट सोर्सने चालवल्यावर टर्मिनलचाच आकडा पुन्हा दिसला. तुमच्या पुढच्या स्पष्टीकरणाला त्यामुळे बैठक मिळाली: स्क्रिप्ट चालवली की शेल स्वतःपासून एक नवी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रामची एक वेगळी प्रत, काढतो. चालू डिरेक्टरी ही प्रत्येक प्रोसेसची स्वतःची असते. जन्मताना ती पालकाकडून मिळते, पण त्यानंतर मुलाने कितीही सीडी केली तरी पालक जागचा हलत नाही. स्क्रिप्ट संपते तेव्हा तिची डिरेक्टरीही तिच्याबरोबर जाते.

मग तुम्ही युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरुवातीची हकिकत सांगितलीत. ती मला फार आवडली. पीडीपी-७ या संगणकावर एका टर्मिनलमागे एकच प्रोसेस असायची आणि डिरेक्टरी बदलणारी कमांड इतर कमांडांसारखीच साधी होती. पुढे फोर्क, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरी काढायची सोय, आला, अवघ्या २७ ओळींच्या असेंब्ली कोडमध्ये, आणि ती कमांड अचानक चालेनाशी झाली. बरंच डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, की ती आपलं काम चोख करते आहे, पण ते स्वतःच्या नव्या प्रोसेसमध्ये, जी लगेच संपते. शेवटी ती कमांड शेलच्या आतच घ्यावी लागली. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांनीच हे लिहून ठेवलं आहे. आजही सीडी शेलच्या पोटातच असते, आणि माझा प्रश्न खुद्द युनिक्स घडवणाऱ्यांनाही पडला होता, हे ऐकून मला केवढा धीर आला!

सोर्सचा धोकाही तुम्ही लगेच दाखवलात. सोर्स केलेल्या फाइलीत एक्झिट असेल तर समोरचा शेलच बंद होतो, आणि तिच्यातले व्हेरिएबल, म्हणजे मूल्यं ठेवलेली नावं, मागे रेंगाळतात. म्हणून नुसतं एखाद्या जागी जायचं असेल तर बॅशआरसीमध्ये, म्हणजे बॅश हा शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलीत, फंक्शन (नाव दिलेला कमांडांचा गट) लिहावं, हा तुमचा सल्ला. फंक्शन चालू शेलमध्येच चालतं, त्यामुळे सीडी टिकते. आमचं फंक्शन आता गटातले सगळे वापरतात.

पण माझ्या मते तुमची सर्वात मोलाची शिकवण वेगळीच आहे. स्क्रिप्टमधली सीडी फसली तरी स्क्रिप्ट थांबत नाही, पुढची ओळ चालवतेच. आमच्या फोल्डरांच्या नावांत मोकळ्या जागा आहेत. व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण नसेल तर नावाचे तुकडे होतात आणि सीडी नकार देते. व्हेरिएबल रिकामं असेल तर आणखी वाईट: अवतरणाविना सीडी थेट होम डिरेक्टरीत पोचते. अवतरणात रिकामं नाव दिलं तर बॅश सहसा जागचा हलत नाही, आणि तक्रारही करत नाही. अशा वेळी पुढची ओळ तात्पुरत्या फाइली पुसणारी असेल, तर कुठल्या फाइली जातील? म्हणून सीडीनंतर दोन उभ्या रेघा आणि एक्झिट, म्हणजे सीडी फसली तर स्क्रिप्ट तिथेच संपेल, आणि व्हेरिएबलच्या नावामागे महिरपी कंसातच अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह, म्हणजे ते रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल. लोकांच्या घरून विश्वासाने आलेले अंक आहेत हे. काहींची दुसरी प्रत आम्हाला अजून कुठे सापडलेली नाही. त्यांच्या स्कॅनची इतकी काळजी तुम्ही स्वतःहून घेतलीत, त्याबद्दल कितीही आभार मानले तरी थोडेच.

आता प्रत्येक वर्षाचं काम आम्ही गोल कंसांत, म्हणजे सबशेलमध्ये (चालू शेलमधून निघालेल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) करतो. आत सीडी करायची, पानांना क्रमांक द्यायचे; कंस संपला की मूळ जागा तशीच. परतीची सीडी लिहावीच लागत नाही. आधी जी अडचण वाटत होती, तिचाच हा उपयोग मला तुमच्यामुळे दिसला.

पुढच्या खेपेला आलात की क्रॉनबद्दल, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीबद्दल, विचारायचं आहे. तिथे स्क्रिप्ट होम डिरेक्टरीतून सुरू होते, हे तुम्ही जाता जाता सांगितलं होतंत. रात्रीचा बॅकअप त्यावर लावायचा विचार आहे.

मनापासून आभार, ताई.

आपली,
दिवाळी अंकांच्या गटातली एक