द्राक्षबागेतल्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, तुम्ही फेसबुकवर नाही हे माहितीये, पण तुमची लेक आहे, ती वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितेय. नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

आमच्या सोसायटीत शनिवारी वाचनकट्टा भरतो, तिसरी ते सातवीची पोरं. शेतात राबणाऱ्या मुलांची एक गोष्ट वाचून दाखवली तर दोन मिनिटं गप्प बसली, "बिच्चारे" म्हणाली आणि सायकली काढून पळाली. मला कसंतरीच झालं, म्हणजे नाशिकची पोरं ही, डब्यात द्राक्षं नेणारी, द्राक्षबागांची दिंडोरी इथून किती लांब आहे हो? मग तुमची आठवण झाली, नागलीचे पापड द्यायला येता तेव्हा तुमच्या गावाकडचं, सुरगाण्याचं काय काय सांगता ना. पण मजुरीचा खाडा करून याल असं खरंच वाटलं नव्हतं.

आणि आलात ते कात्री अन् कच्चे घड घेऊनच! विरळणी म्हणजे मणी बारीक असतानाच मधले मधले कापायचे, उरलेल्यांना फुगायला जागा होते, हे मलाही धड माहीत नव्हतं. चौथीतल्या आमच्या पठ्ठ्याने एका घडाला दहा मिनिटं लावली, वर दोन पाकळ्याच, म्हणजे घडाचे फाटेच, उडवले. तुम्ही हसून म्हणालात, "एका झाडाला असे तीस-चाळीस असतात बाळा, आणि मालक मागे उभा."

मग तुमच्या लहानपणीचं सांगितलंत, की भात-नागली निघाली की दिवाळीनंतर गावातली टोळी बागांच्या कामाला निघायची, मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर म्हणजे होळीपर्यंत बागेतच. तुम्ही नऊ वर्षांच्या. सकाळभर धाकटा भाऊ कडेवर, तो झोपला की हातात कात्री. "पगार किती मिळायचा?" असं एकीने विचारलं तर म्हणालात, वहीत माझं नावच नव्हतं, माझी झाडं आईच्या नावावर मोजायचे. नाव होतं ते गावच्या शाळेत. "मग रोज अ‍ॅबसेंट?" "नाही रे, गुरुजी हजर लावायचे." यावर पोरं जी चिडली! एवढी चिडलेली मी कधी पाहिली नाहीत, बिच्चारे वगैरे कुठल्या कुठे गेलं.

मी आपली कायद्याचा तक्ता करून बसले होते, १४ वर्षांखाली कामाला ठेवायचं नाही, फक्त शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार चालतो वगैरे. तुमचं ऐकल्यावर घरी जाऊन नीट वाचलं तर १९८६ चा बालमजुरीचा कायदा ठरावीक धंद्यांपुरताच होता, सरसकट बंदी आली २०१६ च्या दुरुस्तीने. म्हणजे तुम्ही बागेत होतात तेव्हा तुम्हाला कागदावरसुद्धा कोणी अडवलं नसतं. आणि भावाला सांभाळणं तर काम म्हणून आजही कुणी मोजत नाही, हा मुद्दा माझा नाही हं, सहावीतल्या एका मुलीचा आहे, तिलाही धाकटा भाऊ आहे.

एक खरं सांगू? मी तुम्हाला आधी फोनवर म्हणाले होते की जरा हळवं सांगा, पोरांना भिडेल. तुम्ही ऐकलं नाहीत त्याबद्दल वेगळे आभार.

तुमची कात्री आमच्याकडेच राहिलीये. पठ्ठ्या देत नव्हता, काढून घेतली. सोमवारी सकाळी दिंडोरी नाक्यावर आणून देते, कामाला निघायच्या आत.