बंटर हा नुसता चहा आणणारा नोकर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्रजी रहस्यकथांच्या सुवर्णकाळावरचा लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल आभार. पण त्यात डोरोथी सेयर्स या लेखिकेच्या लॉर्ड पीटर विम्झी या गुप्तहेराची ‘मोनोकल लावणारा हौशी सरदारपुत्र’ आणि त्याच्या दिमतीच्या बंटरची ‘चहाचा ट्रे आणणारा नोकर’ अशी एकेका ओळीत बोळवण झाली आहे. ते वाचून फार वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

‘हूज बॉडी?’ ही पहिली कादंबरी १९२३ची. महायुद्ध थांबून पाचच वर्षे झाली होती. शेल शॉकची, म्हणजे युद्धामुळे सैनिकांच्या मनाला बसणाऱ्या धक्क्याची, चौकशी करणाऱ्या ब्रिटिश युद्धखात्याच्या समितीचा अहवाल आदल्याच वर्षी आला होता. पीटर हा लष्करातला मेजर. १९१८ साली फ्रान्समध्ये कोद्रीजवळ तोफगोळ्याच्या खड्ड्यात तो गाडला गेला आणि मनाने पार खचून घरी परतला. बंटर हा युद्धात त्याच्या हाताखालचा सार्जंट. एवढे ठाऊक नसेल तर पीटरची बडबड नुसता पोरकटपणा वाटते आणि बंटरची अदब नुसती नोकरी.

या कादंबरीत लंडनच्या बॅटरसी भागातल्या एका घरात, बाथटबमध्ये अनोळखी प्रेत सापडते. अंगावर कपडा नाही, नाकावर फक्त सोनेरी चिमटा-चष्मा. पीटर त्या दिवशी जुन्या ग्रंथांच्या लिलावाला निघालेला असतो. तिथे तो बंटरला पाठवतो आणि स्वतः उत्साहाने तपासाला लागतो. पुढे फोटो, बोटांचे ठसे ही कामे बंटरचीच. आणि मग खुनी कोण हे पीटरला उमगते, त्याच रात्री तो दचकून उठतो. त्याला खणण्याचा आवाज येत असतो, शत्रू भुयार पाडतोय असे वाटत असते. बंटर त्याला ‘हा भास आहे’ असे सांगत नाही. ही आपलीच माणसं खणतायत, काळजी करू नका, अशी समजूत घालून तो त्याला झोपवतो. त्या प्रसंगात लेखिकाही त्याला ‘सार्जंट बंटर’ म्हणते.

झटका नेमका खुनी सापडल्यावर का यावा? कारण त्या काळच्या इंग्लंडात खुनी शोधून देणे म्हणजे त्याला फासावर पाठवणे. ज्याने युद्धात हुकूम देऊन माणसे मरायला धाडली, त्याला पुन्हा तेच करावे लागते. हा धागा सेयर्सने शेवटपर्यंत सोडलेला नाही. १९३७च्या ‘बसमन्स हनीमून’मध्ये पीटरची आई सुनेला सांगते की युद्धानंतर त्याला साध्या नोकरांनाही हुकूम देववत नसे. बंटर आला आणि त्याने घराचा ताबा घेतला. एके दिवशी तो गहिवरून तिला सांगायला आला, की साहेबांनी ही अंडी घेऊन जा आणि सॉसेज आण असे फर्मावले. मुलगा बरा होतोय, हे त्या माउलीला या एका हुकुमावरून कळले. युद्धाने माणसाचे काय होते हे इतक्या थोडक्यात सांगणारे लेखन मी फार कमी वाचले आहे.

या जोडीत सारे आलबेल आहे, असे माझे म्हणणे नाही. पहिल्याच पुस्तकात पीटर बंटरला त्याचा पगार विचारतो. वर्षाला दोनशे पौंड. यात अन्याय वाटत नाही का, यावर बंटर ‘नाही’ म्हणतो. बंटरला स्वतःचे काही हवे-नको असेल, याचा विचार लेखिकेने फारसा केलेला नाही आणि ते मला खुपते. पण म्हणून तो शोभेचा ठरत नाही. पीटरचे बरे होणे त्याच्याच हाती आहे.

एक सूचना. सेयर्स १९५७ साली वारल्या. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या या कादंबऱ्या २०१८पासून भारतात मोकळ्या आहेत. ‘हूज बॉडी?’ आपल्या पुरवणीत क्रमशः देता येईल का, याचा विचार व्हावा. जागेअभावी संक्षेप करावा लागला तर लिलाव, मेजवान्या, काय हवे ते कमी करा. रात्रीचा तो प्रसंग मात्र पूर्ण छापावा. तपासाशी त्याचा संबंध नाही असे वाटून पहिली कात्री तिथेच लागण्याची भीती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा