निमॅटोडची भावकी

केंब्रिज,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णा म्हणाले, "पारावर कोणी विचारलं तर सांगतो, पोरगी इंग्लंडात किड्यांचं काहीतरी करते. पुढचं विचारलं की गप्प बसतो." फोनवर नीट सांगून होत नाही, निम्म्यात रेंज जाते, म्हणून हे पत्र. दादाला मोठ्यानं वाचायला सांगा.

अण्णा, डाळिंबाचं झाड पिवळं पडलं की तुम्ही मूळ उकरून बघता, आणि गाठी दिसल्या की कपाळाला हात लावता. त्या गाठी करणारा सूत्रकृमी, म्हणजे निमॅटोड, आणि माझा किडा एकाच भावकीतले. माझ्याचं नाव सी. एलेगन्स. हा ना मुळाला लागत, ना माणसाला. कुजक्या फळांत, पाचोळ्यात जंतू खाऊन राहतो. लांबी एक मिलिमीटर, अंग काचेसारखं आरपार. जगभरच्या प्रयोगशाळांत चालतो तो वाण ब्रिस्टलचा, मश्रूमच्या खतात सापडलेला. आपल्याकडं डाळिंबात भगवा वाण, तसा हा. तुम्ही त्याच्या चुलत्याला घालवायला बागेत झेंडू लावता आणि मी इथं याला बाळंतिणीसारखी जपते.

हाच का, तर माणसाचं म्हातारपण बघत बसलं तर बघणाराच म्हातारा होईल. हा तीन दिवसांत अंड्यातून मोठा होतो, तीनेकशे अंडी घालतो आणि दोन-तीन आठवड्यांत संपतो. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत त्याचा सगळा जन्म उरकतो. त्यात अख्ख्या अंगात मज्जापेशी मोजून ३०२. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात याच गावात हा किडा अभ्यासाला घेतला. त्यांच्या मंडळींनी त्याचे पापुद्र्याहून पातळ असे हजारो काप काढले आणि कोणती पेशी कुणाला जोडली आहे याचा नकाशा १९८६ साली छापला. आपल्या सातबाऱ्यापेक्षा चोख!

आई, आता तू हसशील. टूथपिकच्या टोकाला मी माझ्याच भुवईचा केस चिकटवलाय. त्यानं किड्याला हलकेच शिवायचं. तोंडाकडं शिवलं की मागं सरकतो, शेपटीकडं शिवलं की पुढं पळतो. हा स्पर्श ओळखणाऱ्या पेशी अवघ्या सहा. जेलीफिशचं एक प्रथिन त्यांच्यात आणलं की निळ्या उजेडात त्या हिरव्या चमकतात. तरुण किड्यात त्यांचे धागे ताणलेल्या तारेसारखे सरळ. म्हातारपणी बघावं तर कुठं मणी आलेले, कुठं नको तिथं फुटवे, छाटणी राहून गेलेल्या फांदीसारखे. पण पेशी मरत नाहीत. आधी ढासळतात ते स्नायू. शेवटी शेवटी किडा जागचा हलत नाही, शिवलं तर नुसतं डोकं हलवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजी आठवली. खाटेवरनं उठवत नव्हतं, पण कडी वाजली की मान दाराकडं वळायची. डोकंही हलेनासं झालं की मी वहीत मेला म्हणून लिहिते.

आयुष्य वाढवायचं औषध निघेल का, असं आई विचारत होती. १९९३ साली अमेरिकेत सिंथिया केन्यन यांनी दाखवलं की एका जनुकात बिघाड असलेला किडा दुपटीहून जास्त जगतो. पुढं कळलं, ते जनुक म्हणजे इन्सुलिनचा सांगावा घेणाऱ्या आपल्या प्रथिनाचाच नातेवाईक. आता पारावर कोणी म्हणेल, शुगरवाले जास्त जगतात. अण्णा, तसं काही नाही, गोळी चुकवायची नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जास्त जगलेल्या किड्याला ते वाढीव दिवस केस लागलेला कळतो का, की नुसतं पडून राहणंच लांबतं? यावर आमच्या लोकांत अजून भांडणं चालू आहेत.

त्यापायीच यंदा दिवाळीला येणं होत नाही. मोजणी लागली आहे. एक दिवसाआड प्रत्येकाला शिवावं लागतं, सुट्टी नाही. गेल्या महिन्यात २० अंशांवर ठेवणारी पेटी रात्रीत बिघडून आत उकाडा झाला. उकाड्यात हे लवकर मरतात, त्यामुळं सोळा दिवसांची मोजणी पाण्यात. तेल्या रोगानं बाग गेली तेव्हा अण्णा दोन दिवस जेवले नव्हते. मी एकच वेळ उपाशी राहिले, तेही कॅन्टीन बंद झालं म्हणून.

मृग बहाराच्या तोडणीला मात्र येते. ही फेरी तोवर संपेल आणि वाण राखायची काळजी नाही. पिल्लं उणे ८० अंशांत गोठवून ठेवली की वर्षानुवर्षं टिकतात, बाहेर काढली की थोड्या वेळानं वळवळायला लागतात. धारेची म्हैस अशी ठेवता आली असती, तर आई, तू मामाच्या लग्नाला चार दिवस राहिली असतीस.

तुमची,
धाकटी